तालीम थांबली की रक्ताचा रिपोर्ट का बदलतो? कुस्ती, ज्युदो खेळणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

"पोरीचं लिव्हर खराब झालंय म्हणत्यात, डॉक्टर." समोर बसलेल्या वडिलांनी सोळा पानांचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. मुलगी एकोणीस वर्षांची, कुस्ती खेळणारी. डोळे पिवळे नाहीत, भूक उत्तम, पोटात दुखत नाही. रिपोर्टमध्ये मात्र एसजीओटी ९६ आणि एसजीपीटी ५२, दोन्ही आकडे ठळक अक्षरांत. कुणीतरी लिव्हरचे टॉनिक लिहून दिले होते, आणि दूध, तूप, अंडी बंद करायला सांगितली होती. स्पर्धा पाच आठवड्यांवर होती.

मी एकच प्रश्न विचारला. रक्त कधी दिले? सोमवारी सकाळी. आणि रविवारी काय केले? रविवारी संध्याकाळी दोन तास सरावाच्या कुस्त्या, त्यात तीन-चार वेळा पाठीवर जोरात आपटली होती.

लॅबला फोन करून त्याच नमुन्यावर सीपीके लावायला सांगितले. उत्तर आले २,३००. बायकांसाठी या तपासणीची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये १५० ते २०० च्या आसपास असते. बिलिरुबिन आणि जीजीटी मात्र अगदी व्यवस्थित होते. तिला सांगितले, सहा दिवस तालीम बंद, फक्त चाल. टॉनिक बंद, दूध-अंडी पुन्हा सुरू. सातव्या दिवशी एसजीओटी ३१. लिव्हरला काही झालेच नव्हते. एसजीओटी हे नाव आपण लिव्हरशी जोडतो, पण ते स्नायूंमध्येही भरपूर असते. स्नायू चेचले की ते रक्तात येते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा मिळवली. तेव्हापासून आमच्या भागात मुलींना तालमीत घालणारे पालक वाढलेले मला दवाखान्यात दिसतात. त्याच काळात साठ-सत्तर तपासण्यांची पॅकेजेसही स्वस्त झाली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण खेळाडू मुलीचे रक्त आदल्या दिवशीच्या सरावाप्रमाणे, उपाशीपणाप्रमाणे आणि विश्रांतीप्रमाणे बदलते, हे पॅकेजच्या छापील मर्यादांना ठाऊक नसते. दहावी-बारावीची परीक्षा, दुखापत, स्पर्धेआधीचा हलका सराव, अशा कारणांनी तालीम कमी झाली की आकडे हलतात. काही आकडे खरोखर सुधारतात. काही नुसते सुधारल्यासारखे दिसतात. आणि काही बिघडलेले असतात ते विश्रांतीने सुधारतच नाहीत. या तिन्हींची गल्लत झाली की मुलीचे नुकसान होते. असे एक नुकसान माझ्या हातूनही झाले आहे. ते पुढे सांगतो.

आधी एक कबुली आमच्या शास्त्राची. २०१४ ते २०२० या काळात प्रमुख क्रीडाविज्ञान नियतकालिकांत आलेल्या पाच हजारांहून अधिक संशोधनांची छाननी झाली, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेली संशोधने जेमतेम ६ टक्के निघाली. कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो खेळणाऱ्या मुलींवरची तर त्याहून थोडी, आणि बहुतेकांत दहा-वीस खेळाडू. त्यामुळे खाली जे लिहितो त्यातले काही थेट या मुलींवरून आलेले आहे, तर काही धावपटूंवरून आणि शरीरशास्त्राच्या सर्वमान्य नियमांवरून.

काही दिवसांत उतरणारे आकडे

सीपीके हा स्नायूंच्या पेशींतला पदार्थ. पेशींची भिंत फाटली की तो रक्तात सांडतो. धावणाऱ्या मुलीत तो श्रमाने वाढतो. कुस्ती-ज्युदोत श्रम तर असतातच, शिवाय आपटणे, दाबले जाणे, मुका मारही असतो. म्हणून या खेळांत हजार-दोन हजारांचा आकडा पाहून मी दचकत नाही. जोरदार सरावानंतर तो साधारण एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जातो आणि नंतर सराव थांबवला तर रोज जवळपास ४० टक्क्यांनी उतरत राहतो. आठवड्याभरात बहुतेक मुली आपल्या नेहमीच्या पातळीवर येतात. एसजीओटी त्याच्यासोबत उतरते, एसजीपीटी जरा रेंगाळते.

सराव कमी केल्याचा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत लवकर दिसणारा परिणाम हाच. सीआरपी, म्हणजे अंगातल्या सुजेची खूण, हीसुद्धा जोरदार कुस्त्यांनंतर एक-दोन दिवस थोडी वर राहते आणि मग खाली येते. पांढऱ्या पेशींचेही तसेच. आठवडाभर विश्रांती घेऊनही सीआरपी चढलेलीच असेल तर ती सरावाची नाही. मग मी गळवे, कानाची सूज, दात, लघवीचा संसर्ग शोधायला लागतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. सरावानंतर लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या-दंड दगडासारखे कडक होऊन प्रचंड दुखू लागले, तर आठवडाभर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. अशा वेळी स्नायूंतला माल मूत्रपिंडात अडकून ते बंद पडू शकते. मोठ्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावणे हे याचे एक नेहमीचे कारण. सुट्टीत स्नायू सवय विसरतात, वस्तादांचा आकडा मात्र जुनाच असतो.

आमटी आटली म्हणजे मीठ वाढले नाही

आता माझी चूक. २०२० च्या फेब्रुवारीत सतरा वर्षांची ज्युदो खेळणारी मुलगी दम लागतो म्हणून आली. हिमोग्लोबिन ११.४. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. पोट बिघडते म्हणून तिने त्या जेमतेम तीन आठवडे घेतल्या, हे मला नंतर कळले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सराव पूर्ण थांबला. जूनमध्ये तपासले तर हिमोग्लोबिन १२.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ती १२ च्या वर होती. मी म्हणालो, झाले काम, गोळ्या बंद. फेरिटिन केले नाही.

सराव पुन्हा सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ती परत आली. जिना चढताना धाप, केस गळणे, सरावात तिसऱ्या मिनिटाला पाय जड. हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन ७. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा रिकामाच होता. जूनमध्येही तो रिकामाच असावा.

मग जूनचा आकडा कसा वाढला? नियमित कष्टाचा सराव करणाऱ्याच्या रक्तात पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयाला आणि घाम येण्याला ते सोयीचे असते. पाणी वाढले की तेवढ्याच तांबड्या पेशी पातळ दिसतात आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येतो. आमटीत पाणी वाढवले की मीठ कमी लागते तसे. सराव पूर्ण थांबला की हे जादा पाणी काही दिवसांतच कमी होऊ लागते, आमटी आटते आणि आकडा वर चढतो. मीठ तेवढेच. हा परिणाम लांब पल्ल्याच्या धावपटूंत मोठा असतो, कुस्ती-ज्युदोत त्या मानाने कमी. पण ११.४ आणि १२.३ या दोन आकड्यांमध्ये आपण 'रक्तक्षय आहे' आणि 'रक्तक्षय नाही' अशी रेघ ओढतो, तेव्हा हा फरकही पुरेसा ठरतो. तिच्या वाढीतला किती भाग गोळ्यांचा आणि किती आटलेल्या पाण्याचा, हे फेरिटिन केल्याशिवाय सांगताच आले नसते. मी ते न करताच सांगितले होते.

याची उलट बाजूही आहे. मोठ्या विश्रांतीनंतर सराव जोरात सुरू झाला की पहिल्या एक-दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन थोडे उतरते. फेरिटिन चांगले असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पाणी परत भरते आहे इतकेच.

फेरिटिन वाचतानाही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, अंगात सूज किंवा ताप असेल तर फेरिटिन खोटे वर जाते. जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी ते बरे दिसेल आणि आठवड्याच्या विश्रांतीनंतर उतरलेले दिसेल. विश्रांतीने लोह घटले, असा अर्थ लावू नका. विश्रांतीने खरा आकडा दाखवला. दुसरी, लॅबच्या छापील मर्यादा. अनेक रिपोर्टवर बायकांसाठी खालची मर्यादा १० ते १३ अशी छापलेली असते. त्यामुळे १४ हा आकडा साध्या अक्षरांत येतो आणि कुणाचे लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली लोहाची कमतरता मानते, आणि खेळाडूंवर उपचार करणारे बहुतेक डॉक्टर ३० ते ३५ च्या खालीच जागे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तालमीत येणाऱ्या मुली याच घरांतून येतात. त्यात दर महिन्याची पाळी आणि रोजचा घाम.

विश्रांतीचा काळ म्हणजे लोह भरण्याचा काळ

हा भाग मला सर्वांत उपयोगाचा वाटतो आणि सर्वांत कमी सांगितला जातो. आपले यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक बनवते. ते वाढले की आतडे लोह घेणे कमी करते. जोरदार व्यायामानंतर साधारण तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन वाढते. आता तालमीचे वेळापत्रक पाहा. पहाटे पाच ते आठ सराव, घरी येऊन अंघोळ, साडेअकराला जेवण आणि त्यासोबत लोहाची गोळी, वर चहा. म्हणजे नेमके दार बंद असताना आपण पाहुणा पाठवतो आणि चहाने कडीही लावतो.

सराव कमी असतो त्या आठवड्यांत ही अडचण कमी होते. म्हणून स्पर्धा संपल्यानंतरचे किंवा परीक्षेच्या सुट्टीतले दिवस लोह भरून काढायला उत्तम. दुर्दैवाने त्याच दिवसांत मुली गोळ्या सोडतात, कारण दमत नाहीत, बरे वाटते. झुरिकमध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गोळी घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यावर लोहाचे शोषण जास्त झाले. पोटालाही ते सोसवते. रिकाम्या पोटी किंवा लिंबू-आवळ्यासोबत, चहा-दुधापासून दोन तास दूर. सराव चालू असेल तर सकाळच्या सरावाच्या आधी किंवा तो संपताच लगेच. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. एवढे मात्र धरून चाला की सीपीके आठवड्यात सुधारते, फेरिटिन भरायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांच्या विश्रांतीनंतर तपासून 'काही फरक नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

सराव कमी, पण ताटही कमी

आता पॅरिसकडे येऊ. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटने एका दिवसात तीन लढती जिंकून ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. कुस्तीत २०१८ पासून दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. लढतींनंतर खाणे-पाणी दिल्यावर तिचे वजन ५० किलोच्या बरेच वर गेले होते. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, आणि ७ ऑगस्टला काटा १०० ग्रॅमने पुढे राहिला. ती अपात्र ठरली आणि तिला शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे उपचारही घ्यावे लागले. सगळी चर्चा त्या १०० ग्रॅमभोवती फिरली. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच्या आधीच्या आठवड्यांत आहे, आणि ती जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक मुलीची आहे.

स्पर्धेआधी सराव हलका करायचा असतो. वेगवेगळ्या खेळांतल्या अभ्यासांचे एकत्र गणित असे निघते की साधारण दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे, तीव्रता तीच ठेवावी. जोर-बैठका कमी, पण ज्या कुस्त्या होतील त्या जोमाच्या. असे केले तर स्नायू भरून येतात, सीपीके उतरते आणि प्लाझ्माही फारसा कमी होत नाही.

आपल्याकडे होते काय? सराव हलका होतो त्याच दोन आठवड्यांत वजन उतरवायचे असते. एक भाकरी, मग अर्धी, मग नुसती काकडी. शेवटचे दोन दिवस पाणीही बंद, अंगात प्लॅस्टिकचा जॅकेट. अशा वेळी रक्त तपासले तर सीपीके छान असतो. वस्ताद म्हणतात, पोरगी ताजी आहे. हिमोग्लोबिनही छान दिसते, कारण आमटी आता सरावाच्या अभावाने नाही तर तहानेने आटलेली असते. युरिया आणि क्रिएटिनिन किंचित वर, त्याकडे कुणी पाहत नाही. त्यात दुखणाऱ्या खांद्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले तर आटलेल्या मूत्रपिंडावर दुहेरी मार. वजन उतरवण्याच्या आठवड्यात वेदनाशामक घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

जे आकडे खरी गोष्ट सांगतात ते पॅकेजमध्ये बहुधा नसतात. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या बाकीच्या कामांना पुरेसे उरले नाही, तर शरीर काटकसर सुरू करते. निरोगी तरुणींवरच्या प्रयोगांत अशा तुटवड्याच्या केवळ पाच दिवसांत पाळी चालवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लय बिघडलेली दिसली. थायरॉइडचे टी-३ उतरते, टीएसएच मात्र नॉर्मलच राहते, म्हणून 'थायरॉइड ठीक आहे' असा शेरा मिळतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिले. मुख्य कारण खाण्याची कमतरता. म्हणजे सराव अर्धा केला आणि ताटही अर्धे केले, तर हा तुटवडा तसाच राहतो, कधी वाढतो.

इथे रक्तापेक्षा पाळी जास्त खरे बोलते. ती रक्तासारखी आदल्या दिवशीच्या सरावावर हलत नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत. 'पाळी बंद झाली ते बरंच, स्पर्धेत कटकट नाही', हे वाक्य मी मुलींकडून आणि आयांकडूनही ऐकले आहे. बरे नाही. एका हंगामात, सराव हलका करूनही, तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी हवीच. गर्भधारणेची शक्यता आधी वगळायची, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओडी. आणि त्यासोबत ताटात काय असते याची सरळ चौकशी. हाडे भरण्याचे वय हेच असते. तालमीत बहुतेक वेळा वस्ताद पुरुष असतात, मुलगी त्यांना सांगणार नाही. घरातल्या एका बाईने तारखा लिहून ठेवाव्यात.

सक्तीची विश्रांती ही आणखी वेगळी गोष्ट. २०२३ मध्ये कुस्ती महासंघातल्या आरोपांवरून आंदोलन झाले, ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले, आणि शिबिरे व स्पर्धांचे वेळापत्रक कोलमडले. आरोप करणाऱ्या मुलींचे म्हणणे ऐकले जाणे खेळापेक्षा महत्त्वाचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण असा लांबलेला खंड शरीरावरही दिसतो. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सराव थांबल्यावर काही दिवसांतच मंदावतो. पीसीओडी असलेल्या मुलींचे वजन वाढते, पाळी पुढे जाते. मग वजनाच्या भीतीने त्या एकदम उपास सुरू करतात. अशा काळात तालीम बंद असली तरी आठवड्यातून तीन-चार दिवस बैठका, दोरी, डोंगर चढणे चालू ठेवावे.

चाचणी कधी, कोणती

कॉर्टिसोल आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या गुणोत्तरावरून 'अतिसराव' ओळखण्याचे पॅकेज कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. कॉर्टिसोल सकाळ-संध्याकाळ बदलते, परीक्षेच्या ताणाने बदलते, पाळी नियमित करायच्या गोळ्यांनी वाढलेले दिसते. मुलींमध्ये टेस्टोस्टेरॉन मुळातच इतके कमी असते की साध्या लॅबचे यंत्र ते नीट मोजत नाही. ड जीवनसत्त्व एकदा पाहायला हरकत नाही, त्याचा तालमीच्या कमी-जास्तीशी फारसा संबंध नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी वर्षातून दोनदा तपासतो. एकदा हंगाम संपल्यावर, जोरदार सराव थांबून सात दिवस झाले असताना. हा तिचा स्वतःचा पाया. आणि एकदा ऐन सरावात, स्पर्धेच्या दोन महिने आधी, म्हणजे लोह कमी निघाले तर भरायला वेळ मिळतो. वजन उतरवण्याच्या आठवड्यात कधीच नाही. सीबीसी, फेरिटिन, सीआरपी, क्रिएटिनिन पुरेसे असतात. सीपीके फक्त एसजीओटी वाढलेले दिसले किंवा स्नायू फार दुखत असले तर. सकाळी, भरपूर पाणी पिऊन, शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये. सर्दी-ताप असेल तर दोन आठवडे पुढे ढकला.

आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर पेनाने तीन गोष्टी लिहा: शेवटचा जोरदार सराव कोणत्या दिवशी झाला, शेवटची पाळी कधी आली, गेल्या महिन्यात वजन किती उतरवले. वर सांगितलेल्या ज्युदोच्या मुलीची आई आता हे न चुकता लिहून आणते. गेल्या खेपेला फेरिटिन ४१ होते, आणि पानावर लिहिले होते, 'सराव बंद ८ दिवस, पाळी वेळेवर, वजन उतरवले नाही.' मला दुसरे काही विचारावे लागले नाही.